सारजाबाईंच्या फाईलचं पहिलं पान

१

गुरुवारी सकाळी मी शहागंजात कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते, तेवढ्यात पाच मिनिटांच्या अंतरानं दोन फोन आले. पहिला डॉ. याह्यांचा. "आपा, विमा कंपनीच्या माणसानं आमच्या फाईलमधलं पान चोरलं." दुसरा विमा कंपनीच्या डॉ. सर्जेराव काळेंचा. "गुलशनबाई, हॉस्पिटलवाल्यांनी फाईलमधलं पान गायब केलंय." शेवटी दोघंही एकच वाक्य बोलले. तुम्ही या, तुम्ही सांगाल ते मान्य.

मला हसू आलं. छावणीजवळच्या याच हॉस्पिटलात मी वीस वर्षं सिस्टर होते. नंतर बारा वर्षं विमा कंपन्यांसाठी क्लेमची चौकशी करत फिरले. हॉस्पिटलवाले मला कंपनीची खबरी म्हणतात आणि कंपनीवाले हॉस्पिटलची. दोन्हीकडं माझ्याबद्दल सारखंच वाईट मत, म्हणून तर माझ्या नावावर दोघांचं एकमत झालं. कोथिंबीर तिथंच टाकून रिक्षा धरली.

याह्यांच्या केबिनमध्ये फाईल टेबलावरच होती. याह्या आता मोठे सर्जन झालेत, हॉस्पिटलही त्यांचंच. पण मी त्यांना इंटर्न असताना पाहिलंय, सुई धरताना हात थरथरायचा. त्यामुळं मला त्यांची भीती वाटत नाही, आणि हे त्यांना माहीत आहे.

"बोला," मी म्हटलं.

"पेशंट सारजाबाई सांडू, सोयगावच्या. वय चोपन्न. हृदयाच्या तीन नळ्या बंद. शनिवारी ॲडमिट झाल्या, उद्या सकाळी बायपास ठरलंय. मंगळवारी सर्जेराव येऊन चौकशी करून गेले. बुधवारी पत्र आलं, क्लेम नामंजूर."

पत्र मी वाचलं. लेकानं आईचा विमा दोन वर्षांपूर्वी काढला होता. विम्याच्या आधीपासूनचा आजार असेल तर तीन वर्षं थांबावं लागतं, अशी अट. आणि पत्रात लिहिलं होतं: 'रुग्णास साडेतीन वर्षांपासून छातीत दुखणे व धाप. गावच्या डॉक्टरांची रोज अर्धी गोळी चालू. विमा घेताना ही माहिती लपवली.'

"मग कंपनीनं फाईलचं पहिलं पान मागितलं," याह्या म्हणाले. "पेशंट आला की डॉक्टर जी हकीकत लिहून घेतात, ते. काढायला गेलो तर पानच नाही. सर्जेराव मंगळवारी इथं होते. दुसरं कोण नेणार?"

"पान त्यांच्या बाजूचं असेल तर ते चोरतील कशाला?"

याह्यांनी फाईल माझ्याकडं सरकवली.

"आणि मंजुरी नाही मिळाली तर?"

"मी म्हणालो, कंपनी गेली उडत, मी फुकट करतो. नळ्यांची हालत अशी आहे आपा, की घरी गेल्या तर महिना काढतील का सांगता येत नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण त्याच नको म्हणतात. उद्या सकाळच्या गाडीनं सोयगावला निघाल्यात."

बत्तीस वर्षं झाली पेशंट बघतेय. फुकटचं ऑपरेशन नाकारणारी बाई मी पाहिली नव्हती.

२

सारजाबाई खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या आणि नवऱ्याच्या सदऱ्याला बटण लावत होत्या. नळ्या बंद झालेल्या बाईनं शिवणकाम करू नये हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी सुईत दोरा एका झटक्यात ओवला आणि मी तोंड मिटलं. मला माझ्या चष्म्यासकट पाच मिनिटं लागतात.

"चष्मा नाही लागत?" मी विचारलं.

"कशाला लागंल? अजून ज्वारीतला खडा दिसतो मला."

शेजारी स्टुलावर त्यांचे मालक कारभारी सांडू बसले होते, गळ्यात टॉवेल, चेहरा उतरलेला. बायको ऐकत नाही म्हणून हवालदिल झालेला माणूस.

"ताई, तुमीच समजवा हिला," ते म्हणाले. "डॉक्टर फुकट करतो म्हनत्यात. पर ही म्हनती घरी चला."

"व्हय, म्हनते," सारजाबाई म्हणाल्या. "त्या कागदावर काय लिवलंय ते वाचलं का तुमी? लपवलं, म्हनं. म्या लपवलं. चोपन वर्षांत कुणाचं मीठ उसनं आणलं तर परत दिल्याबिगर जेवले नाय. आता खोटारडी म्हणून त्या टेबलावर आडवी होऊ? आन मेले तिथंच, तर मागं कागदावर काय ऱ्हाईल? खोटारडी मेली. नाय जमायचं."

बोलताना त्यांना धाप लागली. मी पाण्याचा पेला पुढं केला आणि सिस्टरच्या सवयीनं नाडीवर बोट ठेवलं. याह्या महिनाभर म्हणत होते. मला तेवढंही वाटेना.

"तो कागद बदलला तर?"

"बदलला तर आत्ता ऱ्हाते. खुशाल निजते त्या टेबलावर."

"मग मला एक सांगा. छातीत कधीपासून दुखतंय?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अचाट बोलले.

"गौरी बसवल्या त्या दिवशी पह्यल्यांदा. दीड महिना झाला. त्याच्या आधी म्या कधी डॉक्टरची पायरी चढले नाय. ताप आला तर काढा."

"मग गोळ्या? अर्धी गोळी रोज?"

"मला कसली गोळी?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलणारे पेशंट मी हजारो ऐकलेत, ते आधी नवऱ्याकडं बघतात. या थेट माझ्याकडं बघत होत्या.

"गावच्या डॉक्टरांचे काही कागद आणले होते का तुम्ही?"

"वही व्हती ना," कारभारी म्हणाले. "ॲडमिट करताना त्या बारक्या डॉक्टरला दावली. मंग उशीखाली ठिवली हिच्या."

"कुठंय?"

"सुनंनं नेली. सायलीनं. मंगळवारी सांजच्याला नातवाला ताप आला म्हणून फोन आला, तवा वही घिऊनच गेली ती."

मी हे डायरीत लिहून घेतलं आणि पुढं गेले. शरमेनं सांगते, त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तीन तास लागले.

३

हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर दीपमाला बसते. कंपनीला कागद पाठवणं, कंपनीच्या शंकांना उत्तरं देणं, हे तिचं काम. हुशार पोरगी, पण मला बघताच तिनं ड्रॉवर पायानं लोटला. माणूस ड्रॉवर लोटतो तेव्हा आत काहीतरी असतं.

"दीपमाला, मी नोकरी घालवायला नाही आले. पान शेवटचं कधी बघितलंस?"

"मंगळवारी अकराला. पूर्ण फाईलच्या झेरॉक्स काढल्या. बाराला फाईल वॉर्डात परत दिली. बुधवारी दहाला मागवली तर पान नव्हतं."

"आणि सर्जेरावांना काय दाखवलंस?"

"आम्ही ओरिजिनल दाखवत नाही मॅडम. झेरॉक्सच देतो."

"सगळ्या?"

ती खाली बघायला लागली. मी थांबले. चौकशीत सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे गप्प बसणं. दोन मिनिटांत ड्रॉवर उघडला.

"पहिल्या पानाची नाही दिली," तिनं झेरॉक्स माझ्यापुढं ठेवली. "त्यात तीन वर्षं असं लिहिलं होतं. एवढ्या एका शब्दावर ते क्लेम मारतात मॅडम! मग मी याह्या सरांना जाऊन सांगितलं. सर म्हणाले, बरं केलंस."

म्हणजे कंपनीच्या डॉक्टरनं ते पान बघितलंच नव्हतं. मी झेरॉक्स वाचली. रेसिडेंट डॉ. ओवैस यांचं अक्षर. 'छातीत दुखणे, धाप, तीन वर्षांपासून, गावी उपचार.' खाली वजन अडुसष्ट. आधीची ऑपरेशनं: एकही नाही. आणि सगळ्यात खाली लाल शाईत चौकट, पेनिसिलिनची ॲलर्जी. सही, तारीख, वेळ.

मग मी पत्र पुन्हा काढलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"दीपमाला, या पानावर 'अर्धी गोळी' कुठं आहे?"

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. "नाहीये."

"आणि साडेतीन वर्षं?"

"तीनच आहे."

"मग कंपनीला साडेतीन आणि अर्धी कुणी सांगितली?"

दीपमालानं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. सर्जेराव काहीतरी असं पाहून गेले होते, जे हॉस्पिटलनं अजून पाहिलंच नव्हतं.

४

डॉ. ओवैस परभणीहून नुकताच आला होता. बहिणीचं लग्न, मंगळवारी साडेअकराला निघालेला, हाताला अजून मेंदीचा वास. दीपमालानं फाईल वॉर्डात दिली बाराला, तेव्हा हा बसमध्ये होता. पान त्यानं नेलं नव्हतं.

"हकीकत पेशंटला विचारून लिहिलीस?" मी विचारलं.

"ऑपरेशनं झालीत का, ॲलर्जी आहे का, ते विचारलं. वजन केलं. बाकीचं..." त्यानं मान खाजवली. "आपा, एका वेळी सात ॲडमिशन होते. त्यांच्या मालकांनी वही दिली, पहिल्याच पानावर छातीत दुखणं, तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची. मी तिथनंच उतरवलं. अंदाजानं तीन लिहिलं."

"पान उलटलंस?"

"नक्को विचारू आपा." तो रडकुंडीला आला होता. "नाही उलटलं."

मग गेले सर्जेरावांकडं. ते कॅन्टीनमध्ये पोहे खात बसले होते, अगदी निवांत. वीस वर्षं क्लेम तपासलेला माणूस, स्वतःच्या शब्दावर पक्का. त्यांच्या शेऱ्यावर कंपनीची मंजुरी अवलंबून असते.

"अर्धी गोळी कुठं वाचलीत?" मी बसायच्या आधीच विचारलं.

चमचा थांबला. "आमच्याकडं पुरावा आहे."

"दाखवा."

"कंपनीचे पुरावे आम्ही हॉस्पिटलला देत नाही, तुम्हाला माहितीये. दिले की लगेच त्याला उत्तर तयार होतं."

"मी हॉस्पिटल नाही."

"तुम्ही कुणाच्या हे मला अजून कळलेलं नाही, गुलशनबाई." ते हसले. मीही हसले. मग मी म्हटलं, "मंगळवारी तुम्ही वॉर्डात गेलात तेव्हा सारजाबाई खाटेवर होत्या का?"

ते हसायचे थांबले.

"इकोला, हृदयाच्या सोनोग्राफीला नेलं होतं ना त्यांना? फाईलमध्ये वेळ लिहिलीय. खाट रिकामी. उशीखाली वही. तुम्ही फोटो काढलात. पेशंटला न विचारता."

सर्जेरावांनी पोह्यांची प्लेट बाजूला सरकवली. "मी फक्त सत्य शोधत होतो."

"मग ते लपवताय कशाला?"

ते उठून गेले. असा फोटो मीही एकदा काढला होता. ते नंतर सांगते.

५

पान कुणी नेलं, हे अजून बाकी होतं. मी रिकाम्या कॉन्फरन्स रूममध्ये फाईल घेऊन बसले आणि आता पहिलं झालेलं दुसरं पान वाचायला लागले. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काळ्या शाईत एक ओळ होती: 'पेनिसिलिन देऊ नये.'

ॲलर्जीची चौकट पहिल्या पानावर असते. ही ओळ दुसऱ्यावर कशाला? ज्यानं पहिलं पान काढलं, त्याला ठाऊक होतं की पानाबरोबर ॲलर्जीची नोंदही जाईल, आणि उद्या भूल देणारा डॉक्टर नको ते इंजेक्शन देईल. म्हणून त्यानं ती ओळ आधी इकडं लिहिली आणि मगच पान काढलं. चोरी करताना पेशंटची काळजी घेणारा चोर!

दीपमाला हे लिहिणार नाही, तिला औषधातलं कळत नाही. सर्जेरावांच्या हातात ओरिजिनल फाईल कधी आलीच नाही. ओवैस बसमध्ये. वॉर्डातल्या सिस्टर डॉक्टरांच्या पानावर लिहीत नाहीत, त्यांचा तक्ता वेगळा असतो, आणि ॲलर्जी त्या लालच शाईत लिहितात. हा नियम मीच इथं घालून दिलाय.

मग मला ओळीच्या शेवटी काय नाही ते दिसलं. सही नाही. वेळ नाही. या हॉस्पिटलात एक शब्द जरी लिहिला तरी खाली सही आणि वेळ घालायची, रेसिडेंट असो की सिस्टर. वीस वर्षं मी ओरडून ओरडून ही सवय लावली. फक्त एका माणसाला ती कधी लागली नाही. मोठे डॉक्टर राउंडला येतात, बोलतात, बाकीचे लिहितात आणि सही करतात. त्यांना स्वतः सही करायची वेळच येत नाही.

मला पहिला फोन करून चोरी झाल्याचं सांगणाराच चोर होता. मी फाईल मिटली, आणि खरं सांगते, मला राग आला नाही. वाईट वाटलं.

त्याच वेळी बाहेर कुणीतरी लहान लेकराला ओरडत होतं, "वही कुठं ठेवलीस?" बहुतेक शाळेची वही. पण माझ्या डोक्यात सायली उभी राहिली. नातवाला ताप आला आणि सून सासूच्या छातीच्या आजाराची वही घेऊन गेली. कशाला? लेकराच्या तापाशी त्या वहीचा काय संबंध?

मी उडी मारूनच उठले. गुडघ्यानं लगेच समज दिली, पण मी थांबले नाही. पाच वाजता सगळ्यांना एका टेबलाशी बसवायला सांगितलं. सारजाबाईंनासुद्धा.

६

सारजाबाई चाकाच्या खुर्चीत, शेजारी कारभारी. टेबलाच्या एका बाजूला याह्या, दीपमाला, ओवैस. दुसऱ्या बाजूला एकटे सर्जेराव. पेशंटसमोर असं काही बोलायचं नसतं, असं दोन्ही बाजूंचं मत पडलं. या एका मुद्द्यावर तरी त्यांचं जमलं म्हणून मी त्यांचं अभिनंदन केलं आणि दार लावून घेतलं.

"आज इथं प्रत्येकानं स्वतःला टोचेल अशी एक गोष्ट टेबलावर ठेवायची," मी म्हटलं. "दुसऱ्याची नाही, स्वतःची. चोर कोण ते मला कळलंय. पण मी नाव घेणार नाही. त्यानं स्वतः सांगितलं तरच या बाईंचा जीव वाचंल."

मग मी म्हटलं, ठीक आहे, मीच सुरू करते.

"बारा वर्षांपूर्वी पैठणकडची एक बाई होती. मी तिच्या घरात एक जुनी चिठ्ठी बघितली, गुपचूप फोटो काढला. मधुमेहाची गोळी होती. मी शेरा मारला, माहिती लपवली. क्लेम गेला. त्या बाईला मी एकदाही विचारलं नाही की ही चिठ्ठी कुणाची. वर्षभरानं कळलं, ती गेली. ती चिठ्ठी तिचीच होती की घरातल्या दुसऱ्या कुणाची, मला आजही माहीत नाही. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही."

मी डायरी मिटून टेबलावर ठेवली.

सगळ्यात आधी ओवैस बोलला. पेशंटला न विचारता वहीतनं उतरवलं, म्हणाला. मग दीपमालानं झेरॉक्स टेबलावर ठेवली. "मी हे लपवलं." सर्जेरावांचा चेहरा कडक झाला. "बघा! म्हणजे हॉस्पिटलनंच..."

"तुमची पाळी," मी म्हटलं.

त्यांनी फोन काढला, फोटो उघडला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. "परवानगी न घेता काढलाय," ते सारजाबाईंकडं न बघता म्हणाले. "चूक झाली."

आता उरलं ते पान. मी याह्यांकडं बघितलंसुद्धा नाही. आयुष्यभर ज्या माणसाचा शब्द या इमारतीत शेवटचा, त्याला स्वतःच्या रेसिडेंटसमोर, स्वतःच्या क्लार्कसमोर, आणि ज्याला सकाळी चोर म्हटलं त्याच्यासमोर बोलायचं होतं. कंपनी हॉस्पिटलचं नाव विम्याच्या यादीतून काढू शकते, हेही त्यांना ठाऊक होतं.

याह्या उठले, केबिनमध्ये गेले, परत आले. हातात पान होतं, घडी न घातलेलं.

"मी काढलं," ते म्हणाले. "मंगळवारी दुपारी. मला वाटलं, एका शब्दापायी ही बाई मरंल. सर्जेराव, सकाळी मी तुमच्यावर आळ घेतला. माफ करा." मग ते सारजाबाईंकडं वळले. "तुमच्या भल्यासाठी केलं, पण लबाड तुम्ही ठरलात. ते माझ्यामुळं."

सर्जेरावांनी तोंड उघडलं. मी हात वर केला. "थांबा. आधी वाचा. दोन्ही एकत्र."

डावीकडं पान, उजवीकडं फोटो. "मोठ्यानं वाचा, डॉक्टर."

सर्जेरावांनी फोटो वाचायला घेतला. "छातीत दुखणे, धाप. रोज अर्धी गोळी. वजन एकोणचाळीस." ते अडखळले. त्यांनी पानाकडं बघितलं. "इथं अडुसष्ट."

"पुढं."

"दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं." आता त्यांचा आवाज खाली आला. "आणि या पानावर... आधीची ऑपरेशनं, एकही नाही."

"सकाळी माझ्यासमोर बिनचष्म्यानं सुई ओवली त्यांनी," मी म्हटलं. "साडेतीन वर्षांत तीस किलो वाढलेली आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन पुसून टाकलेली बाई आहे का ही? फोटो तुमच्याकडं, पान यांच्याकडं. एकट्या फोटोवरून ती आजारी दिसते. एकट्या पानावरून पण आजारीच दिसते. दोन्ही शेजारी ठेवले की पहिलीतलं पोरगंही सांगंल, ही दोन माणसं आहेत. पण शेजारी ठेवणार कोण? तुम्ही दोघं तर कागद पोटाशी धरून बसला होता."

"पण मग वही कुणाची?" दीपमालानं विचारलं.

मी कारभारींना म्हटलं, "सायलीला व्हिडिओ कॉल लावा."

सायली वही हातात घेऊनच बसली होती. मी तिला पानं उलटायला सांगितली. नातवाचा ताप, परवाचा. कारभारींचा गुडघा. सायलीचं बाळंतपण. लेकाच्या हाताला लागलेला विळा. एकाखाली एक, नाव कुठंच नाही, फक्त तारखा.

"आमच्या डॉक्टरकडं घरटी एकच वही असती," कारभारी म्हणाले. "त्यास्नी समदं घर ठावं हाय, नाव कशाला लिवतील?"

"आणि साडेतीन वर्षांपूर्वी छातीत कुणाच्या दुखत होतं?"

उत्तर सारजाबाईंनी दिलं. "माझ्या सासूच्या. सरूबाईच्या. मीच नेत व्हते तिला, अर्धी गोळी मीच मोडून द्यायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन." त्या सगळ्यांकडं एकेक करून बघायला लागल्या. "एवढे शिकलेले लोक तुमी. पाच दिस झाले मी इथं हाय. तुमी फाईल वाचली, वही वाचली, फोटू काढला. मला कुणी इचारलंच नाय व्हय?"



७

सर्जेरावांनी तिथंच बसून पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. पान काढल्याचंही सांगितलं, फोटो चोरून काढल्याचंही. दोन्ही आपल्या तोंडानं, याह्यांच्या समोर. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू येत होता. ते "हो साहेब, माझीच चूक" म्हणत राहिले. पावणेसहाला नवं पत्र आलं. त्यात क्लेम मंजूर केला होता, 'माहिती लपवली' हे शब्द मागे घेतले होते आणि खेद व्यक्त केला होता. सारजाबाईंनी ते कारभारींना दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "आता करा काय करायचं ते."

ऑपरेशन शुक्रवारी सकाळी झालं. साडेपाच तास. मी बाहेर बाकावर बसून होते आणि माझ्या शेजारी सर्जेराव. त्यांना तिथं यायचं काही कारण नव्हतं. आम्ही फारसं बोललो नाही, चहा मात्र तीनदा घेतला. याह्या टोपी काढत बाहेर आले आणि अंगठा वर केला, तेव्हा कारभारी टॉवेलात तोंड घालून रडले. मी पण रडले, उगाच कशाला लपवू.

कंपनीनं हॉस्पिटलला तंबी दिली, यादीतून काढलं नाही. तेव्हापासून दर गुरुवारी पाचला अडकलेल्या फाईली घेऊन दोन्ही बाजू त्याच टेबलाशी बसतात. ओरिजिनल फाईल मधोमध, झेरॉक्स बंद. भांडणं होतात, आवाज चढतात, एकदा तर दीपमालानं सर्जेरावांना खडसावलं आणि ते गप्प बसले. पण पेशंटला विचारल्याशिवाय कुठलाही शेरा आता जात नाही.

घरी जायच्या दिवशी सारजाबाईंनी मला बोलावलं. सायलीकडून शहागंजातून एक नवी वही मागवली होती. जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची.

"ही माझी एकटीची," त्या म्हणाल्या. "घरची निराळी. वर माझं नाव घाला."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं, सारजाबाई कारभारी सांडू. मग वही याह्यांपुढं ठेवली, औषधं लिहायला. ते नेहमीप्रमाणं ओवैसकडं वळले. सारजाबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमीच लिवा की. आन लिवायच्या आधी मला इचारा."

याह्या खाटेच्या कडेला बसले. छातीत पहिल्यांदा कधी दुखलं, तिथपासून विचारायला लागले, आणि त्या गौरीच्या दिवसापासून सांगायला लागल्या. अर्धा तास गेला. बाहेर राउंडला माणसं ताटकळली. सगळं लिहून झाल्यावर याह्या वही मिटणार होते, पण थांबले. खाली सही केली. तारीख घातली. मग घड्याळात बघून वेळही घातली.